साहेब धरून चोवीस

मोरेश्वर,

तुझ्या सभेला मी जाणार नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे 'बाय, तू पण ना!' हे तुझं ठरलेलं वाक्य ऐकायला नको. तू आता काही बोलत नाहीस, हे मला कळतं. पण तुझ्या वतीने तुझी उत्तरं देऊन तुझ्याशी भांडायची मला तू सहा वर्षांचा असल्यापासून सवय आहे, ती दोन महिन्यांत कशी सुटेल?

दसऱ्यानंतर तीन गृहस्थ आपल्या डहाणूच्या रेल्वे क्वार्टरवर आले. एक वकील, एक घोलवडचा चिकूचा व्यापारी आणि तिसरा नुसताच वहीत लिहून घेणारा. डहाणूत मोठी सभा घ्यायची, वडील म्हणून आबांना व्यासपीठावर बसवून शाल द्यायची, आणि मोठी बहीण आणि शाळामास्तरीण म्हणून मी तुझ्याविषयी 'चार शब्द' बोलायचे, असा त्यांचा बेत. वकील म्हणाले, तालुक्याची मान उंचावली. मी विचारलं, तालुक्याची मान उंचावायला माझाच भाऊ लागत होता का? ते चष्मा पुसायला लागले. व्यापारी जरा मऊ माणूस. "बेन, तुमचा भाऊ तर अमर झाला," म्हणाला. मी म्हटलं, अमर झालाय तर भाऊबिजेला पाठवून द्या, मी पाट मांडून ठेवते. तुझे भावोजी आतून खाकरले. मी चहासुद्धा विचारला नाही. आपल्या घरातून कुणी चहा न घेता गेलं, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं असेल.

दोन महिने मी हेच ऐकतेय. शाळेत हेडमास्तरांनी मुलांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. ज्या बाईने तुला चाळीच्या नळावर पाणी भरू दिलं नव्हतं, तीसुद्धा येऊन 'धन्य ती माऊली' म्हणून गेली. आई तुला चार वर्षांचा ठेवून वारली, हे तिला ठाऊकही नव्हतं. तुला न्हाऊ-माखू घालणारी, तुझ्या उवा काढणारी, समुद्रकाठच्या झाईहून डहाणूला आणून हायस्कुलात घालणारी माऊली तिच्यासमोर मोरी घासत बसली होती, आणि तिला अजिबात धन्य वाटत नव्हतं.

खरी माणसं एकदाच आली. तळासरीहून तुझे जुने विद्यार्थी आणि त्यांचे बाप, दहा-बारा जण, पहाटे निघून चालत झाईला आले. अंगणात बसले. कुणी काही बोललं नाही.  जाताना एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "मास्तर आता नाय येनार?" मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली आणि कमरेची तांदळाची पुरचुंडी ओट्यावर ठेवली. त्यांच्यापुढे मात्र मला राग आला नाही.

बाकी सगळ्यांवर आला. आणि सगळ्यांत जास्त तुझ्यावर.

तळासरीची नोकरी मी किती खटपटीने मिळवून दिली होती! बी.ए. झालेला आपल्या झाईतला पहिला मुलगा, घरापासून एका बसच्या अंतरावर मास्तर, याहून काय हवं होतं? पण चीनच्या लढाईच्या बातम्या आल्या, आणि तुझ्या अंगात वारं शिरलं. सरकारला तरुण अधिकारी हवेत, तातडीने हवेत, म्हणे. सरकारला हजार गोष्टी हव्या असतात, त्या सगळ्या तू पुरवायच्या असं कुणी सांगितलं होतं? मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू मात्र रोज माझ्यासमोर बसून जेवलास आणि जाताना म्हणालास, "बाय, तिथे पण माणसंच सांभाळायची आहेत. होडीसारखंच."

होडीसारखंच! इथेच सगळा घोटाळा आहे बघ.

आपल्या होडीची रीत बाहेरच्यांना सांगावी लागते. आबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. होडी झाईच्या किनाऱ्याला लागली की सगळ्यांत आधी आबा पाण्यात उडी टाकणार, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, धरून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहणार, आणि एकेक खलाशी उतरला की त्याच्या खांद्याला हात लावून मोठ्याने मोजणार. एक, दोन, तीन. सातवर थांबणार. वाळूत उभ्या बायका 'सात' ऐकलं की तोंडाशी धरलेला पदर सोडून टोपल्या उचलायच्या. होडीत माणसं असायची आठ. पण तांडेल स्वतःला मोजत नाही. आजोबांपासूनची रीत. "जो सोताला मोजतो तो आधी सोताला वाचवतो," असं आबा म्हणायचे. जेवताना म्हणायचे, जाळं विणताना म्हणायचे, आणि तू तोंड उघडं टाकून ऐकायचास. मी पण ऐकायचे. मला ते नुसतं म्हाताऱ्याचं बोलणं वाटायचं. तुझ्या मात्र हाडात शिरलं.

तळासरीला असताना तू पोरांना घेऊन समुद्र दाखवायला झाईला निघालास, आठवतं? जन्मात समुद्र न पाहिलेली ती पोरं. एस.टी.च्या दारात उभा राहून तू प्रत्येकाच्या खांद्याला हात लावलास, तीस मोजलेस आणि तीस तिकिटं काढलीस. पुढे तपासनीस चढला. एकतीस माणसं, तिकिटं तीस. बिनतिकिटाचे सापडले स्वतः मास्तर! सगळी पोरं गाडीभर हसली. रात्रीच्या जेवणाला हे सांगताना तू स्वतः इतका हसलास की भात नाकात गेला. मी म्हटलं, शहाण्या, स्वतःला विसरलास होय? तू छाती काढून म्हणालास, "तांडेल सोताला मोजत नाय." आणि मी हसले रे. तुझ्या पाठीत धपाटा घालायचं सोडून मी खो खो हसले.

यंदाच्या मे महिन्यात तू दहा दिवसांच्या सुट्टीवर आलास. खांद्यावर दोन तारे, मिशी नवी, आणि चालणं असं की तुझे भावोजी म्हणाले, प्लॅटफॉर्मही जरा सरकून वाट देतोय. मी घोलवडची मुलगी बघून ठेवली होती. शिकलेली, पाणीदार डोळ्यांची. तू तिला भेटलास, तुला आवडली हे तुझ्या लाल झालेल्या कानांवरून कळत होतं, आणि तरी म्हणालास, 'आता नको, माझी वीस माणसं तिकडे आहेत.' मी विचारलं, तुझ्या त्या विसांत घरचं कोण आहे? आबा आहेत? मी आहे? तू स्वतः तरी आहेस?  मग मला जे बोलायचं नव्हतं तेच मी बोलले. म्हटलं, तुला मरायची हौस आहे, दुसरं काही नाही.

त्याला तू काहीतरी उत्तर द्यायला लागला होतास. "बाय, हौस नाय गो..." एवढं म्हणालास आणि आबा ओट्यावर आले म्हणून थांबलास. पुढे काय होतं? सहा महिने मी त्या वाक्याचं शेपूट शोधतेय.

तू निघालास त्या सकाळी मी स्टेशनवर आले नाही. क्वार्टरच्या खिडकीतून प्लॅटफॉर्म दिसतो, हे तुलाही ठाऊक. मी खिडकीखाली तांदूळ निवडत बसले. गाडी आली, थांबली, सुटली. तुझे भावोजी येऊन म्हणाले, दारात उभा होता, इकडेच बघत होता. मी म्हटलं, बघू दे. त्या तांदळात एकही खडा नव्हता, मोऱ्या. आदल्या दिवशीच निवडलेले होते ते.

मग सप्टेंबर, पाकिस्तानशी लढाई, खिडक्यांना काळे कागद, आणि पितृपंधरवड्यात तार. तुझा देह आला नाही, राख तिकडेच नदीत सोडली असं कळवलं. आली ती तुझी काळी ट्रंक, पार्सल ऑफिसात, जिथे तुझे भावोजी कारकून. माल देणाऱ्याची सही त्यांची आणि घेणाऱ्याची सहीही त्यांचीच. त्या दिवशी ते घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. ट्रंकेत तुझे कपडे, दाढीचं सामान आणि माझी पत्रं होती. मी मे महिन्यानंतर एकही पत्र लिहिलं नव्हतं. तू ती जुनीच पुन्हा पुन्हा वाचली असावीस, घड्या फाटल्या होत्या.

पलटणीचं पत्र इंग्रजीत होतं. मी झाईला जाऊन आबांना मराठीत वाचून दाखवलं. शत्रूची मशीनगन बंद पाडली, सगळ्यांना मागे पाठवलं, आणि मागे राहिलेल्या एका जवानाला आणायला लेफ्टनंट साहेब एकटे परत गेले. आबा जाळ्याच्या गाठीवर बोट ठेवून ऐकत होते. पत्र संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"तो मानूस वाचला का?"

पत्रात लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, ठाऊक नाही. आबांनी जाळं खाली ठेवलं. तेव्हापासून ते होडीवर गेले नाहीत. आपला चुलतभाऊ होडी नेऊ लागला आणि आबा ओट्यावर बसून राहिले. सभावाले शालीचं विचारायला गेले, तर त्यांना तोच प्रश्न. तो माणूस वाचला का? वाचला असेल तर त्याला दाखवा, मग मी येतो. वकिलांनी पलटणीला पत्र टाकलं. मी मनात म्हटलं, आबा त्या माणसाच्या जिवावर जगतायत. तो निघाला पाहिजे. तो जिवंत असला, तर तुझं जाणं आबांच्या हिशोबात कुठेतरी बसेल, नाहीतर हा म्हातारा या ओट्यावरून उठणार नाही.

दिवाळीला आठ दिवस असताना एक हवालदार दारात उभा राहिला. साताऱ्याकडचा, चाळिशीचा, ज्ञानू नाव. कडक इस्त्रीचे कपडे आणि हातात कंदी पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, हाच तो! मी त्याला बसवलं, पाणी दिलं, विचारलं, तुम्हालाच आणायला गेला होता ना माझा भाऊ? त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि मान हलवली. नाही.

"मग कोण?"

"कोनीच न्हाई, बाईसाहेब. मागं कोनीच ऱ्हायलं नव्हतं."

मग त्याने सांगितलं ते मी तुलाच सांगते, कारण तुला हे ठाऊक नाही. तू मरताना तुला हे ठाऊक नव्हतं, हेच तर माझ्या डोक्यात घण घालतंय.

कालव्यापलीकडे विटांची भट्टी, भट्टीत मशीनगन. ती बंद पाडायला उजाडताच तुम्ही निघणार होतात. तुझी माणसं वीस. ती तुला पाठ होती, नावानिशी. पण आदल्या रात्री दुसऱ्या तुकडीची तीन माणसं तुझ्याकडे जोडून दिली. अंधारात त्यांची तोंडं तू पाहिली नव्हतीस, ती तीन की चार हेही मोजलं नव्हतंस. तू हवालदाराला विचारलंस, ही नवी माणसं धरून किती झाले? तो म्हणाला, चोवीस. पलटणीत कागदावर साहेबाचं नाव पहिलं. त्यांची गिनती साहेबासकट असते. तो सरळ माणूस, त्याने सरळ आकडा सांगितला. आणि तू आबांचा मुलगा! तू 'चोवीस' ऐकलंस ते आपल्या होडीचं ऐकलंस. चोवीस, आणि वर मी.

भट्टीचं काम झालं. ते तो सांगताना त्याचा आवाज बदलला. तू पुढे, बाकी सगळे मागे. ऊस संपल्यावर तीस-चाळीस पावलं उघड्यावरून जायची होती. एक नाईक पोटात गोळी लागून पडला आणि सगळे जमिनीला चिकटले. कुणीच उठेना. तू उठलास. ओरडला नाहीस, शिवी दिली नाहीस. मागे वळून म्हणालास, 'चला, भरती यायच्या आत उरकू.' साताऱ्याच्या माणसांना भरती काय ठाऊक? "पर आमी उठलो," हवालदार म्हणाला. "का उठलो ते आजून कळत न्हाई. त्यांनी सांगितलं तसं सांगितलं की उठाया लागायचं." भट्टीच्या भिंतीला पाठ लावून तू आत बॉम्ब टाकलास. मशीनगन थांबली.

मग परत फिरायचं. कालव्याच्या पलीकडच्या काठाशी तू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलास. एकेकाला पाण्यात घालताना त्याच्या खांद्याला हात लावलास. हवालदार पोटात गोळी लागलेल्या नाईकाला घेऊन सगळ्यांत पुढे होता, त्याच्या खांद्यालाही लावलास. तो म्हणाला, गार हात होता. शेवटच्याला हात लावलास तेव्हा आकडा झाला तेवीस. तू त्याला म्हणालास, 'एक राहिला. तुम्ही व्हा पुढे.' आणि पाण्यातून वर चढून उसात परत गेलास.

हवालदार अलीकडच्या काठावर पोहोचला तेव्हा त्या शेवटच्याने पाण्यातूनच हाक मारून त्याला हे सांगितलं. त्याने मोजलं. सगळे होते. तो परत पाण्यात शिरला, तेवढ्यात उसातून गोळीबार सुरू झाला. शत्रूची माणसं डावीकडून उसाआडून कालव्याकडेच येत होती, तुम्हाला पाण्यात गाठायला. ती तुला भेटली. दहा मिनिटं तू एकटा त्यांना धरून होतास. तेवढ्यात सगळे काठ चढून आडोशाला गेले. संध्याकाळी तुला आणलं.

"ते माघारी गेलं नसतं तर आमी समदे पान्यातच संपलो असतो, बाईसाहेब. ते कोनासाठी बी गेलं नव्हतं, पर तेवीस वाचलं."

मला हे ऐकून बरं वाटावं अशी त्याची फार इच्छा होती. मला नाही वाटलं. मला दिसत होता तू, उसात वाकून, नसलेल्या माणसाला हाका मारणारा. तुला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. काय म्हणून हाक मारलीस रे?

"माजं फकस्त 'साहेब धरून' येवडं म्हनायचं ऱ्हायलं," हवालदार म्हणाला. "दोनच शब्द. त्येच सांगाया आलोय. तुमी काय बी करा."

मी त्याला म्हटलं, उठा. तो उठला. म्हटलं, बाहेर जा. तो गेला. मी दार लावून घेतलं. वापीकडची गाडी गेली, मालगाडी गेली, तुझे भावोजी कामावरून आले आणि म्हणाले, व्हरांड्यात एक शिपाई ताठ उभा आहे, तो कोण? मी दार उघडलं. तो तसाच उभा होता, पेढ्यांचा पुडा हातात घेऊन. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझी तलवार म्यानात गेली. त्याला जेवायला वाढलं. 

आता प्रश्न आबांचा. स्टेशनवर कळताच वकिलांनी तोवर झाईला निरोप पाठवला होता की पलटणीचा माणूस आलाय. आबा वाट बघत बसलेले. आणि त्यांना खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की कुणी राहिलंच नव्हतं? आबा बाकी काही शिकलेले नसतील, पण मोजणीत त्यांना कुणी फसवू शकत नाही. 'चोवीस' आणि 'तेवीस' एवढं ऐकलं की एका क्षणात त्यांना कळेल, तुला कुणाच्या रीतीने नेलं ते. जन्मभर अभिमानाने पाळलेली रीत. त्या ओट्यावर ते मग किती दिवस बसतील?

सकाळी झाईच्या बसमध्ये मी हवालदाराला बजावलं, कुणी राहिलं नव्हतं हे आबांपुढे काढायचं नाही. तो म्हणाला, मग काय सांगू? मी म्हटलं, इतकी वर्षं पलटणीत काढलीत, एवढं तुम्हाला सुचत नाही? बोर्डीपर्यंत तो खिडकीबाहेर चिकूच्या वाड्या बघत बसला.  खोटं बोलायला मी त्याला लावत होते, आणि मुलांना रोज उलटं शिकवत होते, हे काय मला कळत नव्हतं?

आबा ओट्यावरून उठून उभे राहिले. हवालदाराने वाकून नमस्कार केला. आबांनी बसही म्हटलं नाही.

"तो मानूस वाचला का?"

हवालदाराने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मीच तो, बाबा."

मोऱ्या, आबांचा चेहरा तू बघायला हवा होतास. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले, दंड चाचपले, छातीवर हात फिरवला. नवं लाकूड घेताना होडीवाला चाचपतो तसं. मग मला म्हणाले, बाय, ताट कर. ताज्या बोंबलांचं कालवण, तांदळाची भाकरी. त्याला स्वतः वाढत होते. तो घाटावरचा माणूस, काटे काढता येईनात, तर आबांनी मासा सोडवून दिला. तो खाली मान घालून जेवत होता आणि त्याच्या ताटात पाणी पडत होतं. तिखट लागलं असेल, आबा म्हणाले.

जेवण झाल्यावर आबांनी सहज विचारलं, म्हणजे मला तरी सहजच वाटलं, किती जण गेला होतात? हवालदार म्हणाला, चोवीस. तो शब्द बाहेर पडला आणि त्याचं त्यालाच कळलं. मी पदर तोंडाला लावला. आबांनी सुपारी कातरली, त्याला दिली, स्वतः खाल्ली. म्हणाले, बेस. पुढे काही विचारलं नाही. तिन्हीसांजेच्या बसला त्याला पोचवायला स्वतः नाक्यापर्यंत गेले. आल्यावर म्हणाले, सभेला मी जानार नाय, वकिलाला कळव. मी का म्हणून विचारलं नाही. आपण बचावलो, एवढंच मला वाटलं.

मी रात्री तिथेच राहिले. सकाळी उठले तर ओटा रिकामा. पाण्याचं मडकं नव्हतं, डोक्याला बांधायचं फडकं नव्हतं. शेजारची काकू म्हणाली, म्हातारा होडीवर गेला. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

दुपारी भरतीबरोबर होडी आली. मी बायकांमध्ये वाळूत उभी होते, लहानपणी तुला कडेवर घेऊन उभी राहायचे तिथेच. आबा उडी टाकून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. नाळ धरली. खलाशी उतरू लागले. खांद्याला हात लावून आबा मोजत होते. एक. दोन. तीन. माझं लक्ष त्या हाताकडे होतं. गार असेल तो, मला वाटलं.

सात झाले. बायकांनी टोपल्या उचलल्या. पण आबा पाण्यातून हलले नाहीत. नाळ सोडली, तो ओला हात वर घेतला, आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

"आठ," ते म्हणाले.

 म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. आजोबांपासून हा आकडा इथे कुणी ऐकला नव्हता. आबा बाहेर आले, माझ्याजवळ थांबले. अंगावरून पाणी गळत होतं, आणि ते सगळं समुद्राचंच नव्हतं.

"हवालदार भला मानूस," म्हणाले. "खोटं नाय बोलता येत त्याला. नाक्यावर इचारलं, तर सगलं बोलला. पत्र लिव, बाय. म्हनावं, चूक तुजी नाय."

मी ते पत्र लिहिलं. पोस्टात टाकलं. त्याला क्षमा केली आणि आबांनाही केली, कारण त्यांनी ती मागायच्या आधीच आपली चूक सगळ्यांसमोर फेडली. तुला अजून केलेली नाही. शिकवणारा सत्तराव्या वर्षी चूक सुधारतो, आणि शिकणारा सव्विसाव्या वर्षी निघून जातो, हे कसलं शिकणं? माझा राग मी ठेवून घेणार आहे. तेवढं तुझं माझ्याकडे असू दे.

पण एक करते. रोज सकाळी शाळेत हजेरी घेते, मुलं 'हजर बाई' म्हणतात, आणि शेवटचं नाव झालं की मी मनातल्या मनात आणखी एक धरते. तो एक कुठे मागे राहिलेला नाही, मोऱ्या. तुझ्या तेवीस माणसांना पाण्यातून पार घालून, स्वतःला विसरून, तू ज्याला शोधायला गेलास ना, तो तूच होतास.